गोव्यातल्या आपल्या वाड्यावर वीज आणि टेलिफोन कधी आले, याची नोंद कशी करावी

'गावात वीज कधी आली?' या प्रश्नाने सुरुवात करू नये. १९९७ पर्यंतच्या सरकारी व्याख्येनुसार गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत ठरत असे. किमान १० टक्के घरांची अट २००४ मध्ये आली. म्हणून कागदावरचे साल आणि शेवटच्या वाड्यावर (वस्तीवर) दिवा लागल्याचे साल वेगळे असू शकते. आपण शोधायचे ते दुसरे.

त्यासाठी घरोघरी जावे. वृद्धांना साल सहसा आठवत नाही, प्रसंग आठवतो. तेव्हा 'मुक्तीनंतर किती चवथी (गणेश चतुर्थी) कंदिलावर झाल्या?' किंवा 'पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर तेव्हा हयात होते का?' असे विचारावे. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१, भाऊसाहेब गेले तो १२ ऑगस्ट १९७३ आणि गोवा घटक राज्य झाले तो ३० मे १९८७, या तीन खुणांमध्ये बहुतेक आठवणी बसवता येतात. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरानंतर मुंडकाराच्या, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुळाच्या, घरी वीज यायला किती वर्षे लागली आणि त्यासाठी कोणाची संमती मागावी लागली, हे मात्र चारचौघांत न विचारता निवांतपणे विचारावे. माझ्या मते या सगळ्या नोंदीचा गाभा तिथेच आहे.

भिंतीही पाहाव्यात. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत सागवानी फळीवर चिनी मातीचा फ्यूज आणि काळे गोल बटण अजून आहे, आणि त्याच्या वीतभर खाली, चिमणी ठेवायच्या कोनाड्यातली काजळी चुन्याच्या दोन हातांतूनही दिसते. पहिले बिल त्या फळीमागेच खोचलेले सापडले. अशा फळीचे छायाचित्र घ्यावे, पत्र्याची ट्रंक उघडायला सांगावी.

टेलिफोनसाठी प्रश्न थोडे बदलावे लागतात. ट्रंक कॉल लावायला कोण कुठवर चालत जाई, आणि साधा, अर्जंट की लाइटनिंग, यांतला कोणता परवडत असे? सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचे १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात ते चालत असल्यामुळे अशी एक्स्चेंजे खेड्यांत बसवता आली. आपल्या भागात एक्स्चेंज आल्यावर बोटीवरच्या किंवा आखातातल्या माणसाचा फोन कोणाच्या घरी येत असे आणि निरोप द्यायला कोण धावत असे, हे जरूर विचारावे. उत्तर कोकणीत आले तर कोकणीतच उतरवावे, आणि खाली सांगणाऱ्याचे वय व वाडा लिहावा.