लॉनच्या स्प्रिंकलरची गळती कशी शोधाल

आधी घरातले सगळे नळ आणि लॉनचे व्हॉल्व्ह बंद करा. मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. बागेची लाइन टाकीवरून असेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करा. आकडा सरकला तर बागेचा मुख्य कॉक बंद करून पुन्हा मोजा. आता थांबला तर गळती कॉक ते व्हॉल्व्ह या टप्प्यात आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीये.

मग एकेक झोन (एका व्हॉल्व्हवर चालणारे स्प्रिंकलर) चालवा. सगळ्याच नोझलचा फवारा मंदावला असेल तर जमिनीखालचा पाइप फुटलेला असू शकतो. पाय रुततो किंवा गवत जास्तच हिरवं दिसतं तिथे खणा. एकच मंद असेल तर आधी त्या नोझलची जाळी साफ करा.

फसवणूक होते ती सखल भागातल्या स्प्रिंकलरपाशी. झोन बंद केल्यावर पाणी थोडा वेळ ठिबकून थांबलं, तर ते पाइपात उरलेलं पाणी. तासाभरानेही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हच्या डायफ्रॅममध्ये (आतल्या रबरी पडद्यात) बहुधा कचरा अडकलाय: कॉक बंद करून झाकण उघडा, डायफ्रॅम धुवा, चिरलेला असेल तर बदला.

पीव्हीसीचा जोड ओला असताना सोल्युशन लावू नका, धरत नाही.