पुरावा नसताना ठेवलेल्या विश्वासातून श्रद्धा कशी तपासावी

श्रद्धेबद्दल मनात प्रश्न असतील तर सुरुवात देवापासून करू नका. आधी एक माणूस निवडा, ज्याच्या शब्दावर तुम्ही कधीतरी पुरावा न मागता विसंबलात. माझ्यासाठी तो माझा धाकटा भाऊ. तो नोकरीला होता तिथे हिशेबात रक्कम कमी भरली आणि ठपका त्याच्यावर आला. हातातल्या नोटिशीच्या घड्या घालत, उलगडत तो एवढंच म्हणाला, "ताई, मी पैसे घेतले नाहीत." त्याच्या बाजूने कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. तरी मी त्याचं खरं मानलं.

आता स्वतःला विचारा, हा विश्वास आला कुठून? त्या घटनेचा पुरावा नव्हता, पण माणसाची ओळख होती. लहानपणापासून तो आपली चूक लपवत नसे, ओरडा बसणार हे माहीत असूनही सांगून टाकायचा. म्हणजे विश्वास आंधळा नव्हता. त्याची मुळं त्या प्रसंगाच्या बाहेर होती. श्रद्धेचंही असंच लिहून काढा. तुमची देवाशी ओळख कशातून झाली? प्रार्थनेतून, संकटात मिळालेल्या धीरातून, की फक्त घरात चालत आलंय म्हणून? उत्तर तिसरं आलं तर घाबरू नका, पण ते तसंच लिहा.

यापुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: विश्वास ठेव असं सांगतंय कोण, ते पाहा. आपल्याकडे न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन परंपरेने, शब्द हे ज्ञानाचं प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, तर विश्वासार्ह माणूस. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताची खूण सांगितली: ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जी जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. मोठेपणामुळे कुणाला सूट नाही. म्हणून देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाला हीच कसोटी लावा. याला खरंच माहीत आहे का? मी मान डोलावली तर याचा काय फायदा? प्रश्न विचारला की हा चिडतो का? देवावरची श्रद्धा आणि देवाच्या मध्यस्थावरचा भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा काढून घेतला म्हणून पहिली जात नाही.

मग आपल्या शंकांकडे वळा. इंग्रज गणितज्ञ क्लिफर्ड याने 1877 मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं झालंय हे त्याला जाणवत असतं, पण तो मनातली शंका दाबतो, 'आजवर सुखरूप आलंय' असं स्वतःला समजावतो आणि प्रवाशांना पाठवून देतो. क्लिफर्डच्या मते जहाज बुडालं नसतं तरी तो दोषीच. हे मला पूर्ण पटतं. जिथे आपल्या विश्वासाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तिथे शंका दाबणं हा गुन्हा आहे. आजारी मुलाचं औषध श्रद्धेपोटी बंद करू नका.

पण क्लिफर्डला 1896 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने दिलेलं उत्तरही तितकंच खरं आहे. तो म्हणतो, समोरच्याला मी आवडतो याचा पुरावा मिळेपर्यंत दूर उभा राहिलो, तर मैत्री होणारच नाही. काही गोष्टींत आधी पाऊल टाकावं लागतं. माझं चेकबुक तेव्हाही भावाकडेच असायचं. ते मी मागून घेतलं नाही. 'विश्वास आहे' म्हणत ते परत घेतलं असतं, तर त्या शब्दांना अर्थ राहिला नसता. 'हे दे, मग तुला मानीन' अशी अट देवाला घालत असाल तर तिथेही थांबून पाहा, हा विश्वास आहे की सौदा.

प्रश्न मात्र विचाराच. मी भावाला अवघड प्रश्न विचारले: चावी कुणाकडे होती, सही कुणाची आहे. विश्वास होता म्हणूनच विचारू शकले. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, बायबलमधल्या ईयोबाने देवाला जाब विचारला, आणि दोघांनाही कुणी अश्रद्ध म्हणत नाही. माझ्या नवऱ्याला भावाचं म्हणणं पटलं नव्हतं. भावाची माझ्याइतकी ओळख त्याला नव्हती, म्हणून मी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. घरात कुणी देव मानत नसेल तर त्याच्याशी असंच वागा.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. भाऊ समोर बसलेला होता. देव आहे की नाही, हाच मुळात प्रश्न आहे. या रीतीने देवाचं अस्तित्व सिद्ध होत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर मानू नका. उत्तर येत नाही त्या काळात कसं राहायचं, एवढं मात्र शिकता येतं. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांना कित्येक दशकं देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. तरी त्या रोज आजाऱ्यांकडे जात राहिल्या. म्हणून आपल्या श्रद्धेतून येणारं, दुसऱ्याच्या उपयोगाचं एक ठरावीक काम निवडा. मन कोरडं असेल त्या दिवशीही ते करा, आणि त्याच दिवशी आलेली शंकाही वहीत लिहून ठेवा.