पस्तिशीनंतरचं पहिलं बाळंतपण: कळांची वाट बघायची की आणायच्या?

माझं पहिलं बाळंतपण 39 व्या वर्षी झालं. 38 वा आठवडा लागला आणि डॉक्टर म्हणाल्या तारीख उलटायची वाट बघू नका, 39 आठवडे पूर्ण झाले की अॅडमिट व्हा, औषधाने कळा आणू. घरी आई म्हणे अगं नऊ महिने नऊ दिवस भरू देत की, सासूबाईंनी एरंडेलाची बाटली काढून ठेवली, आणि मी रात्रभर मोबाईलवर वाचत बसले. तेव्हा कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, ते इथे लिहितेय.

आधी कारण समजून घ्या. वय वाढलं की शेवटच्या आठवड्यांत पोटातच बाळ दगावण्याचा धोका थोडा वाढतो. 39-40 आठवड्यांना पस्तिशीच्या आतल्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण हजारात 1, चाळिशीपुढे हजारात 2. म्हणजे घाबरून जावं असं नाही, पण चाळिशीतल्या बाईचा 39 वा आठवडा हा पंचविशीतल्या बाईच्या 41 व्या आठवड्यासारखा धरतात, म्हणून डॉक्टर घाई करतात. बीपी, शुगर, आयव्हीएफ असं काही असेल तर तारीख आणखी अलीकडे येऊ शकते.

"कळा आणल्या की शेवटी सिझरच होतं" हे मला निदान दहा जणींनी सांगितलं. इंग्लंडमध्ये 35 च्या पुढच्या, पहिलटकरीण अशा 619 बायकांवर अभ्यास झालाय, तो 2016 ला छापून आला. अर्ध्या जणींना 39 व्या आठवड्यात कळा आणल्या, बाकीच्यांनी वाट बघितली. सिझर कळा आणलेल्यांत 32 टक्के, वाट बघणाऱ्यांत 33. म्हणजे त्या भीतीपायी नाही म्हणू नका.

आता काय करायचं. पहिली गोष्ट, तारीख पक्की करा, पाळीवरून नाही तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून, आयव्हीएफ असेल तर ट्रान्सफरच्या (गर्भ पिशवीत सोडल्याच्या) तारखेवरून. दुसरी गोष्ट, आतून तपासल्यावर विचारा, "मॅडम, बिशप स्कोअर किती?" पिशवीचं तोंड किती मऊ, किती उघडलं, बाळाचं डोकं किती खाली आलंय याचे हे मार्क असतात. 8 च्या पुढे असेल तर कळा लवकर धरतात, 6 किंवा कमी असेल तर आधी तोंड मऊ करावं लागतं आणि त्यात एक-दीड दिवस, कधी दोन दिवसही सहज जातात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बारा तासांनी बाहेर बसलेले सगळे "अजून कसं नाही" म्हणत तुमचंच टेन्शन वाढवतात.

घरगुती उपायांचं सांगते. खजूर खा, शेवटचे चार आठवडे रोज 6. जॉर्डनमध्ये यावर छोटा अभ्यास झालाय, खजूर खाणाऱ्या बायकांचं पिशवीचं तोंड अॅडमिट होताना जास्त उघडलेलं होतं आणि जास्त जणींना कळा आपोआप आल्या. पण शुगर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चालणं, फुलपाखरासारखे पाय हलवणं, डॉक्टर हो म्हणाले तर उकिडवं बसणं, याने कळा येतीलच असं नाही, पण अंगात दम राहतो. नवऱ्याजवळ जायला पाणी गेलेलं नसेल आणि वार खाली नसेल तर हरकत नसते, कळा येतातच याचा पुरावा मात्र नाही. स्तनाग्रं चोळल्याने खरंच कळा येऊ शकतात, म्हणूनच बीपी, शुगर असणाऱ्यांनी हे घरी एकटीने करू नये. एरंडेल मी घेतलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका, जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं आणि ऐन कळांच्या वेळी ताकद उरत नाही. सासूबाईंना मी डॉक्टरांसमोरच विचारायला लावलं, मग त्यांनीच बाटली परत ठेवली. कुणी दिलेले काढेही नकोत, त्यात काय असतं कळत नाही.

आणि हे सगळं करताना बाळाची हालचाल मोजायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. जेवून डाव्या कुशीवर पडा, दोन तासांत 10 वेळा हललं पाहिजे. कमी वाटलं, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी निघायचं.

हॉस्पिटलमध्ये साधारण असं होतं. आधी आतून बोट फिरवून बाळाभोवतीचा पडदा पिशवीच्या तोंडापासून सैल करतात, दुखतं, थोडं रक्ताळलेलं जातं, त्यानेच काहींना एक-दोन दिवसांत कळा येतात. मग तोंड मऊ करायला जेल लावतात, किंवा फोलीचा फुगा (नळीच्या टोकाचा फुगा पिशवीच्या तोंडात फुगवतात), किंवा कळा आणणारी 25 मायक्रोग्रॅमची मिसोप्रोस्टॉलची गोळी दर दोन तासांनी गिळायला देतात. फुगा की गोळी यावर आपल्या नागपूरच्या दोन सरकारी हॉस्पिटलांत बीपी वाढलेल्या 602 बायकांवर अभ्यास झाला, गोळीवाल्यांपैकी 57 टक्के जणींची 24 तासांत नॉर्मल झाली, फुगावाल्यांची 47 टक्के. पण आधीचं सिझर असेल तर गोळी चालत नाही, पिशवीवरचा जुना टाका उसवण्याची भीती असते, ते आठवणीने सांगा. नंतर पाणी फोडतात आणि कळांचं सलाईन. सलाईनच्या कळा एकदम जोरात येतात, त्यामुळे दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन (एपिड्युरल) मिळतं का, भूलवाले डॉक्टर रात्री असतात का, हे अॅडमिट होण्याआधी विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं आणि रात्री कुणीच नव्हतं.

शेवटचा प्रश्न, "नाहीच झालं तर किती थांबणार?" आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर पाणी फोडून सलाईन लावल्यावर निदान 12 ते 18 तास द्यायला हवेत, त्याआधी कळा आणणं फसलं असं म्हणत नाहीत. हे अॅडमिट होतानाच, नवरा किंवा आई सोबत असताना बोलून घ्या, कारण कळा सुरू झाल्यावर तुम्हाला बोलायला सुचणार नाही.