स्टंटसाठी पहिली गाडी: पडायला परवडेल अशी घ्या

मोटरसायकलवर स्टंट शिकणाऱ्याची गाडी पडते. सुरुवातीच्या दिवसांत एका दुपारी चार-पाच वेळा पडते, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा अगदी चालायच्या वेगात पडते. म्हणून शोरूमसमोर उभं राहून पिकअपचा विचार करण्याआधी एक प्रश्न विचारा: ही गाडी डाव्या कुशीवर पडली तर काय काय तुटेल, आणि ते पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात त्याच दिवशी मिळेल का? ज्या गाडीचं लिव्हर, फूटरेस्ट, गिअरचा दांडा आणि हँडल दुकानदार न विचारता काउंटरवर काढून ठेवतो, ती पहिल्या स्टंटसाठी चांगली गाडी. जिच्यासाठी "ऑर्डर टाकावी लागेल, आठ दिवस लागतील" असं ऐकावं लागतं, ती कितीही देखणी असली तरी सोडून द्या.

इंजिन १५० ते १८० सीसीचं पुरे. २०० सीसीची, २५ पीएसच्या आसपास ताकदीची गाडी पहिल्या गिअरमध्ये नुसत्या थ्रॉटलवर पुढचं चाक उचलते, आणि घाबरलेला हात थ्रॉटल सोडण्याऐवजी आणखी पिळतो. शरीर मागे गेलं की मनगट आपोआप पिळलं जातं, त्यात शिकणाऱ्याची चूक नसते. १५०ची गाडी क्लचशिवाय धड उचलत नाही. त्यामुळे क्लचचा बाइट पॉइंट, म्हणजे लिव्हर सोडताना क्लच जिथे पकडतो ती जागा, शिकावाच लागतो, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं असतं. वजन १४० किलोच्या आसपास असावं. पडलेली गाडी एकट्याने, सलग तीन वेळा उचलून बघा. तिसऱ्या वेळी दम लागला तर ती गाडी तुमच्यासाठी जड आहे.

आता मॉडेलच्या वर्षाचं गणित. दोन तारखा लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे कडक नियम आले, ज्यामुळे कार्बोरेटर जवळपास संपला. रोजच्या रस्त्यावर एबीएस असलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण स्टॉपी, म्हणजे पुढच्या ब्रेकवर मागचं चाक उचलणं, शिकताना एबीएस मध्येच ब्रेक सोडते आणि हाताला चुकीचा अंदाज बसतो. कार्बोरेटरचं कारण वेगळं. स्टंटवाले आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न पिळता इंजिन फिरतं तो वेग, वाढवून ठेवतात, म्हणजे हळू चालवताना गाडी बंद पडत नाही. कार्बोरेटरवर हे एका स्क्रूचं काम आहे, फ्युएल इंजेक्शनमध्ये ते कॉम्प्युटरच्या ताब्यात असतं. तेव्हा २०१२ ते २०१८ मधली जुनी गाडी शोधा. इंजेक्शनचा एक फायदा मान्य करायला हवा: त्यातल्या बऱ्याच गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. कार्बोरेटरची गाडी आडवी पडूनही चालू राहते, पेट्रोल सांडतं, मागचं चाक फिरत राहतं. त्यामुळे पडल्यावर पहिला हात लाल किल स्विचवर गेला पाहिजे. ही सवय गाडी उचलण्याच्या आधीची.

गाड्यांबद्दल आमचं मत असं. टीव्हीएसची अपाचे आरटीआर १८० सगळ्यात सोयीची: एअर कूल्ड (वाऱ्यावर थंड होणारी), किक आहे, मागे डिस्क ब्रेक आहे, डबल क्रेडल चासी (इंजिनला खालून दोन पाइपांनी धरणारी) असल्याने केज, म्हणजे पडल्यावर गाडी वाचवणारी पाइपची चौकट, बसवायला जागा मिळते. आरटीआर १६० पण चालेल, फक्त मागे डिस्कवालीच बघा. तिचं क्लिप-ऑन हँडल (शॉकअपच्या नळ्यांवर दोन तुकड्यांत बसवलेलं) मात्र थोडं खाली पडतं. बरेच जण सरळ पाइपचं हँडल टाकतात, आणि उंच माणसाने ते टाकावंच. पल्सर १५० मजबूत आहे आणि तिचे पार्ट तर चौकाचौकात मिळतात, पण जुन्या मॉडेलना मागे ड्रम ब्रेक असतो. यामाहाच्या जुन्या एफझीलाही ड्रमच, शिवाय रुंद मागचं टायर. स्थिर वाटते, पण उचलायला आळशी. पल्सर एनएस २०० आणि केटीएम ड्यूक २०० दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. ड्यूक चाकणला बनते म्हणून घरचीच वाटते. पण लिक्विड कूलिंग आहे, एका वाईट पडण्यात रेडिएटर फुटतो, आणि पहिल्या पिढीचा सायलेन्सर इंजिनखाली असल्याने केजवाल्याला डोकं लढवावं लागतं. राहिली यामाहाची आरएक्स १००. ती घरात असेल तर कापड टाकून ठेवा. १९९६ला बंद झालेल्या गाडीवर पडायला शिकणं म्हणजे आजीच्या पैठणीने फरशी पुसणं.

मागच्या ब्रेकवर एवढा भर का, ते समजून घ्या. पुढचं चाक वर गेल्यावर खाली आणायचं खात्रीचं साधन एकच: उजव्या पायाखालचा ब्रेक. तो हलका दाबला की पुढचं खाली येतं. सावरण्यात आणि पाठीवर पडण्यात तेवढाच फरक. ड्रम ब्रेक अर्ध्या तासात तापतो, दाब वाढवूनही धरत नाही आणि मग एकदम धरतो. डिस्कला दाबाचा अंदाज येतो. गाडी बघायला जाल तेव्हा बूट घालून बसा आणि पायाचा पंजा पेडलवर ठेवून फूटरेस्टवर उभे राहा. पेडल शोधावं लागत असेल तर त्याची उंची बदलून घ्यावी लागेल. हाताने चालणारा वेगळा मागचा ब्रेक नंतर बसवतात, पण पहिल्या सहा महिन्यांत त्याची गरज पडत नाही.

जुनी गाडी तपासताना

मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागे दाबायला सांगा आणि पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर 'टक' करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंग, गेलाय. तो बदलणं स्वस्त आहे, पण आधीच्या मालकाने गाडी आपटली होती का, हे त्यातून कळतं. मग पुढच्या शॉकअपच्या नळ्या वरून खालपर्यंत बोटाने चाचपा. तेल लागलं तर ऑइल सील गेलं. नळीच वाकली असेल तर गाडी सोडा. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवा, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश ढिले असतील तर लगेच जाणवतं. टाकीखालच्या बाजूला, हँडलच्या मानेजवळ चासीवर वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर पाय मागे घ्या. आणि थंड इंजिन चालू करून बघा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर तो काय लपवतोय ते तुम्हीच ओळखा.

ओडोमीटरवर विश्वास ठेवू नका, फूटरेस्टच्या रबरावर ठेवा.

कागदपत्रं नेहमीचीच, पण टाळू नका. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी पडताळा. फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ मागा, ट्रान्सफरसाठी २९ आणि ३० भरा. एमएच-१२ (पुणे) ची एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड) करायची असेल तर वेळ लागतो, घाई करू नका. जुन्या चलनांची रक्कम परिवहनच्या साइटवर दिसते. ती व्यवहाराच्या आधी मालकाकडून भरून घ्या. नंतर कोणी फोन उचलत नाही.

जवळ शंभर रुपये असतील तर साठ गाडीवर घाला, वीस हेल्मेट-गार्डवर आणि वीस केज, चेनसेट (चेन आणि तिची दातेरी चक्रं) आणि पहिल्या तोडफोडीवर. बहुतेक जण शंभरातले पंचाण्णव गाडीवर घालतात आणि मग कॉलेजच्या चपला घालून शिकतात. फुलफेस हेल्मेट आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, पाठीचं प्रोटेक्टर, तळव्याला चामडं असलेले ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर जाणारे बूट. यातलं काही कमी असेल तर त्या दिवशी गाडी काढू नका.

गाडीत काय बदलायचं

आधी केज. २५ मिलिमीटरची, जाड भिंतीची एमएस (माइल्ड स्टील) पाइप घ्या. भोसरी एमआयडीसीत असं काम करणारे फॅब्रिकेटर भरपूर आहेत. दोन्ही बाजूंना इंजिनच्या मूळ बोल्टवर किमान तीन ठिकाणी धरलं पाहिजे. एकाच बोल्टवर लटकवलेलं केज पडताना इंजिनचा कान, म्हणजे बोल्ट बसायची जागा, तोडतं आणि मग केज नसतं तरी बरं होतं असं वाटतं. केज हँडल आणि फूटरेस्टच्या बाहेर येत नसेल तर त्याचा उपयोग नाही. मागे बार बसवायचा असेल, गाडी सरळ उभी राहिली तर टेकायला, तर तो सीटखालच्या पातळ पाइपवर वेल्ड करू नका. पहिल्याच टेकण्यात ही पाइप, म्हणजे सबफ्रेम, वाकते. तो चासीच्या मुख्य भागापर्यंत न्या.

मग चेनसेट. समजा पुढच्या चक्राला १४ आणि मागच्याला ४३ दात आहेत, म्हणजे गुणोत्तर ३.०७. पुढचा १३ चा टाकला की ते ३.३१ होतं, म्हणजे ओढ साधारण ८ टक्के वाढते. मागचाही ४८ चा केला तर ३.६९, साधारण २० टक्के. सुरुवातीला फक्त पुढचा बदला. स्वस्त आहे आणि चेनही तीच राहते. मागचाही बदलला तर दोन जास्तीच्या कड्या लागतात. चेनला क्लिपचं लॉक असेल तर क्लिपचं उघडं तोंड चेन फिरते त्याच्या उलट दिशेला असलं पाहिजे. उलटं बसवलेलं लॉक दोन दिवसांत निघतं आणि चेन चिमट्याला गुंडाळते.

क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प दगडासारखे आवळू नका. जोर लावल्यावर लिव्हर हँडलवर फिरेल इतकेच घट्ट ठेवले तर पडल्यावर ते वळतं, तुटत नाही. तरी एक लिव्हर आणि एक क्लच केबल पिशवीत असू द्या. मागच्या टायरमध्ये २२ पीएसआय हवा ठेवली तर हळू वेगात गाडी स्थिर राहते. त्याखाली गेल्यास टायर रिमवरून सरकू शकतं. पुढच्या टायरची हवा कंपनीने सांगितलेलीच ठेवा.

जागेचा प्रश्न पुण्यात सगळ्यात अवघड. रविवारी पहाटे मोकळा दिसणारा हिंजवडीचा रस्ता किंवा नदीपात्रातला रस्ता हा सार्वजनिक रस्ताच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीत फेरफार केल्याचं प्रकरण वेगळं. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम १९९ अ खाली पालकांवर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद येते. शिवाय रस्त्यावर कुणाचं तरी पोर मध्ये येतं. मंगल कार्यालयांची पक्की पार्किंग आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकामी असते. मालकाची लेखी परवानगी घ्या, थोडं भाडं द्या. चातुर्मासात मुहूर्त नसल्याने जागा सहज मिळते, पण तेव्हाच पाऊस असतो आणि काँक्रीटवर शेवाळ. सुमारे १०० मीटर लांब, २० मीटर रुंद, उतार नसलेली जागा पुरते. केज लावलेली गाडी रस्त्याने नेऊ नका, चौघांनी मिळून छोटा हत्ती ठरवा. आणि एकटे जाऊ नका. सोबतच्या माणसाला १०८ फिरवायचा आहे आणि पत्ता काय सांगायचा आहे, हे आधीच माहीत असलं पाहिजे.

पहिले चार आठवडे चाक उचलूच नका. ३० मीटर अंतर पाय न टेकवता जितक्या हळू जमेल तितक्या हळू पार करा, मग आठचा आकडा, मग फूटरेस्टवर उभं राहून तेच. यात क्लच अर्धवट दाबलेला राहतो, प्लेटा तापतात, वास येतो. दहा मिनिटांनी गाडी बंद करून थांबवा, एअर कूल्ड इंजिनाला उभ्याने वारा मिळत नाही. पुढे व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवणं, सुरू केली की ऑइलची पातळी दर वेळी गाडी सरळ उभी करून बघा. चाक वर असताना ऑइल मागे जातं आणि पंप हवा ओढू लागतो. पातळी वरच्या खुणेला असेल तर थोडा वेळ निभावतं, खालच्या खुणेला असेल तर एका लांब व्हीलीत पिस्टन जाम होऊ शकतो. पेट्रोल अर्धी टाकी ठेवा. पूर्ण भरली तर पडल्यावर झाकणातून गळतं.