टॅपिंग शिकताना आधी तारा गप्प करा

बेस गिटारवर दोन्ही हातांनी टॅपिंग (बोटांनी थेट गिटारच्या मानेवर तारा ठोकून सूर काढणं) करायचं ठरवल्यावर मी आधी वेगाच्याच मागे लागले. आठवडाभर टकाटक वाजवलं, मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं. आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) कमी आणि मागची घूंऽऽ जास्त! वाजवत होते ‘जी’ (G) तारेवर, पण जाड ‘ई’ (E) तार आपली आपणच गुणगुणत होती.

उपाय मिळाला तो माझ्याच डोक्यावर. केसांचा जाड कापडी रबर पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) सगळ्या तारांवरून चढवला आणि मोकळ्या तारा गप्प झाल्या. (शिकवणाऱ्या सरांनी नाक मुरडलं. मुरडू दे.)

सुरुवात ई मायनर कॉर्डपासून करा, तीही वरच्या फ्रेट्सवर. ‘जी’ तारेवर डाव्या हाताची तर्जनी ९ व्या फ्रेटवर, करंगळी १२ वर आणि उजव्या हाताचं मधलं बोट १६ वर. सूर येतात ई, जी, बी. पुस्तकांत सी मेजरसाठी ५-९-१२ दिसेल, पण ३४ इंची बेसवर ५ ते ९ हे अंतर १३ सेंटीमीटरच्या आसपास भरतं. ९ ते १२ जेमतेम ८. नव्या हाताला एवढा ताण कशाला?

क्रम असा: १६ वर ठोका, तिथून ९ वर पुल-ऑफ (बोट तार ओढून सोडतं आणि खालचा सूर वाजतो), मग करंगळीने १२ वर हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून सूर काढणं). मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका ठोक्यात तीन सूर. माझं घोडं अडलं पुल-ऑफवर. बोट नुसतं वर उचललं की सूर मरतो. तार किंचित खाली, जमिनीच्या दिशेला ओढून सोडावी लागते. टॅप करायचं ते फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून. मध्ये ठोकलं तर नुसता ठक्क आवाज येतो. आणि उजव्या हाताचं नख कापाच.

मनगट दुखायला लागलं की थांबायचं. मी दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका करते.

हे बसल्यावर डावा हात तसाच ठेवून उजवं बोट १६ वरून १७ वर न्या. बीचा सी झाला आणि एका फ्रेटच्या फरकाने ई मायनरची सी मेजर झाली! त्या संध्याकाळी मी एवढंच वाजवत बसले होते.

मेट्रोनोम ९० च्या वर गेला की माझी करंगळी अजून मागे पडते.