इंग्रजीतले वरच्या पातळीचे शब्द शिकताय? या चुका टाळा

निबंधाच्या वह्या तपासताना काही चुका इतक्या वेळा समोर येतात, की वाक्य पूर्ण वाचायच्या आधीच कळतं, हा शब्द यादीतून उचललेला आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी अर्थ, मध्ये उभी रेघ. ही यादी घोकायची, चाचणीत ओकायची आणि मार्क घ्यायचे. मुलं मेहनत करत नाहीत असं अजिबात नाही. ती मेहनत चुकीच्या जागी खर्च होते, याचंच वाईट वाटतं.

एका शब्दाला एकच अर्थ लावणं

एका मुलाने प्रवासवर्णनात लिहिलं होतं, 'आय अबॅन्डन्ड माय सिस्टर ॲट द स्टेशन.' त्याला म्हणायचं होतं, बहिणीला स्टेशनवर सोडून आलो. मी चूक दाखवली तर त्याने यादीची वही उघडून पुढे धरली. "सर, अबॅन्डन म्हणजे सोडणे. इथे लिहिलंय ना!" लिहिलेलं होतंच, आणि ते खोटंही नव्हतं. पण मराठीत आपण पाहुण्यांना स्टेशनवर सोडतो, नोकरी सोडतो, नाद सोडतो, नळाला पाणी सोडतो. 'अबॅन्डन' यातलं एखाद्याला वाऱ्यावर सोडणं किंवा हातातलं काम अर्धवट टाकून देणं एवढंच घेतो. इंग्रजी वाचणाऱ्याला त्या वाक्यातून दिसतो तो बहिणीला टाकून पळालेला भाऊ.

'मिटिगेट'चंही तेच होतं. यादीत अर्थ असतो 'कमी करणे', आणि मग कुणीतरी व्यायाम करून वजन 'मिटिगेट' करतं. हा शब्द धोका, नुकसान, वेदना, दुष्परिणाम अशा वाईट गोष्टींची तीव्रता कमी करण्यासाठी आहे. वजनाला साधा 'रिड्यूस' पुरतो.

माझ्या विद्यार्थ्यांना मी यादी करूच देत नाही. शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य वहीत उतरवायचं, त्याखाली विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातलं एक उदाहरण लिहायचं आणि मग स्वतःचं एक वाक्य. मराठी अर्थ लिहायचा तर सर्वात शेवटी, पेन्सिलीने. यात वेळ जातो. दिवसाला तीन-चार शब्दच होतात, आणि पालक विचारतात, "एवढेच?" हो, एवढेच. हे तीन-चार पुढच्या वर्षीही जागेवर असतील.

साधा शब्द खोडून भारी शब्द घुसवणं

या चुकीचा मला सर्वात जास्त राग येतो, कारण ती बरोबर लिहिलेलं बिघडवते. एका मुलीने मेरी क्युरींवर निबंध लिहिला होता. १९०३ आणि १९११ अशी दोन नोबेल पारितोषिकं, तीही दोन वेगळ्या विषयांत, सगळं नीट मांडलेलं. कच्च्या मसुद्यात 'फेमस', 'डिटरमिन्ड' आणि 'सिम्पल' असे शब्द होते. मग कुणीतरी तिला सांगितलं की मार्क हवे असतील तर भारी शब्द वापर. समानार्थी शब्दांचा कोश उघडून तिने एकेक बदलत नेला. पक्क्या निबंधात मेरी क्युरी 'नोटोरियस', 'ऑब्स्टिनेट' आणि 'सिम्प्लिस्टिक' झाल्या होत्या. म्हणजे कुप्रसिद्ध, हेकट, आणि गुंतागुंतीच्या गोष्टी उथळपणे सोप्या करून टाकणाऱ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा ती रडवेली झाली. तिचा पहिला मसुदा उत्तम होता.

समानार्थी कोशातले शब्द एकमेकांच्या जवळचे असतात, एकमेकांच्या जागी चालणारे नसतात. माझा नियम कडक आहे: जो शब्द निदान दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलेला नाही, तो निबंधात वापरायचा नाही. कोश उघडावा तो विसरलेला शब्द आठवण्यासाठी.

रात्रीत पन्नास शब्द

होतात पाठ, आणि जातातही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की पाठ केलेल्यातली सर्वात मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते. मधे अंतर ठेवून उजळणी केली तर ती बरीच कमी करता येते. मी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने विचारतो. उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणं नव्हे. शब्द झाकून तो स्वतः आठवायचा. वाचताना सगळंच येतंय असं वाटतं. 'तीस दिवसांत हजार शब्द' असल्या जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही.

चुकीचे शब्द निवडणं

दुर्मिळ, जिभेला पीळ पाडणारे शब्द जमवण्याची हौस अनेकांना असते. शाळेत खरी गरज असते ती 'ॲनलाइझ', 'एव्हिडन्स', 'कॉन्टेक्स्ट', 'सिग्निफिकंट' यांची. विज्ञानापासून इतिहासापर्यंत सगळीकडे तेच येतात. भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या इंग्रजीत वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) यादी प्रसिद्ध केली. तीत हे चारही आहेत. सुरुवात तिथून करा, पण तेही शब्द वाक्यासकटच.

आणखी काही, थोडक्यात

शब्दाबरोबर त्याचा सोबती शिका. 'कन्सिस्ट'ला 'ऑफ' लागतो, 'कम्प्लाय'ला 'विथ'. 'डिस्कस'पुढे मात्र 'अबाउट' येत नाही, तरी दर दुसऱ्या वहीत तो असतोच.

उपसर्गावरून अर्थ ताडा, पण शब्दकोशात खात्री करा. 'इन' दिसला म्हणून 'इन्व्हॅल्युएबल'चा अर्थ 'बिनमोलाचं, टाकाऊ' होत नाही. तो होतो 'अनमोल'.

उच्चार ऐका. 'एपिटोम' नव्हे, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नव्हे, 'हायपर्बली'. शब्दकोशाच्या ॲपमध्ये स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबायला दोन सेकंदही लागत नाहीत.