आउटलुक अपग्रेडनंतर अ‍ॅड-इन गायब? या चुका टाळा

अपग्रेडनंतर अ‍ॅड-इनचं (आउटलुकला जोडलेल्या जादा प्रोग्रामचं) बटण दिसेनासं झालं की बहुतेकजण पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्यात मोठा उपाय काढतात: ऑफिस काढून परत टाकायचं. तासभर जातो, बटण काही येत नाही. तेव्हा आधी आपण नेमकं काय टाकलंय ते बघा.

'फाइल', मग 'ऑफिस अकाउंट', मग 'अबाउट आउटलुक'. वरच्याच ओळीत शेवटी ३२-बिट की ६४-बिट (ऑफिसचे हे दोन प्रकार) ते लिहिलेलं असतं. आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नका. २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५ या सगळ्यांचा आकडा १६ नेच सुरू होतो, त्यामुळे "आमचं अ‍ॅड-इन १६ वर चालतं" या विक्रेत्याच्या उत्तराला काही अर्थ नाही. ऑफिस २०१६ आपणहून ३२-बिट बसायचं. २०१९ पासून वेगळं काही निवडलं नाही तर ६४-बिट बसतं. आणि ३२-बिटचं कॉम अ‍ॅड-इन (कॉम्प्युटरवर टाकलेलं, जुन्या पद्धतीचं अ‍ॅड-इन) ६४-बिट आउटलुकच्या आत लोड होतच नाही. सेटिंग बदलून ते सुटत नाही, कितीही खटपट करा.

एका वकिली ऑफिसात हेच झालं. मेल थेट केसच्या फोल्डरमध्ये टाकणारं जुनं अ‍ॅड-इन अपग्रेडनंतर गायब. तिथल्या मुलाने अ‍ॅड-इन परत टाकलं, मग ऑफिस परत टाकलं, मग आउटलुकचं प्रोफाइलच नवं केलं. मेल पीओपीवर होता, म्हणजे सर्व्हरवरून उतरवून कॉम्प्युटरवरच साठवला जायचा. नव्या प्रोफाइलला जुनी पीएसटी फाइल (ज्यात ते मेल साठतात) जोडायची राहिली, आणि साहेबांना इनबॉक्स रिकामा दिसला. मूळ भानगड अ‍ॅड-इनची, पण अख्खा दिवस पीएसटी शोधण्यात गेला. शेवटी विक्रेत्याकडून ६४-बिटचा इन्स्टॉलर मागवला आणि काम झालं. तसा इन्स्टॉलर मिळत नसेल तर एकच वाट उरते: ६४-बिट ऑफिस पूर्ण काढून ३२-बिट टाकणं. दोन्ही एका मशीनवर एकत्र नांदत नाहीत. हे अपग्रेडच्या आधी विचारायचं असतं, नंतर नव्हे.

बिट जुळत असतील तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅड-इन्स' मध्ये जा. तळाशी 'मॅनेज' समोर 'कॉम अ‍ॅड-इन्स' निवडून 'गो' दाबा. यादीतल्या नावावर एकदा क्लिक केलं की खाली लोड बिहेवियर दिसतं. तिथे 'नॉट लोडेड' आणि पुढे रनटाइम एरर असं असेल, तर अ‍ॅड-इन सुरू होतानाच पडतंय. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) त्याच्या लोड बिहेवियरचा आकडा ३ (सुरुवातीलाच लोड कर) चा २ (लोड झालेलं नाही) झालेला असतो. यूट्यूब बघून तो परत ३ करणारे पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी तो पुन्हा २ होतो, कारण पडण्याचं कारण तसंच असतं: अ‍ॅड-इनला चालायला लागणारं व्हीएसटीओ रनटाइम किंवा डॉट नेटची जुनी आवृत्ती मशीनवर नाही, किंवा अर्धवट निघालेली डीएलएल (प्रोग्रामची फाइल). आकडा हे लक्षण आहे, त्याला गोंजारत बसू नका.

अ‍ॅड-इन चालत होतं आणि चार-आठ दिवसांनी बंद पडलं, तर गोष्ट वेगळी. आउटलुक सुरू होताना प्रत्येक अ‍ॅड-इन किती वेळ खातं ते मोजतं. लागोपाठ ५ वेळा सुरू केल्यावर त्या वेळांमधला मधला आकडा १००० मिलिसेकंदांच्या वर गेला की ते अ‍ॅड-इन बंद करून टाकतं. 'फाइल' मध्ये 'स्लो अँड डिसेबल्ड कॉम अ‍ॅड-इन्स' असं बटण येतं, तिथून ते कायम चालू ठेवता येतं. पण आधी इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजमधल्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये आउटलुकचा ४५ नंबरचा इव्हेंट उघडा. कोणत्या अ‍ॅड-इनला किती मिलिसेकंद लागले ते तिथे ओळीने मिळतं. बऱ्याचदा अ‍ॅड-इन एखाद्या बंद सर्व्हरवरच्या फोल्डरची वाट बघत थांबलेलं असतं. तो मार्ग दुरुस्त करा.

'कॉम अ‍ॅड-इन्स' च्या यादीत अ‍ॅड-इनसमोरची बरोबरची खूण काढता येत नाही म्हणून आउटलुक रोज 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ने उघडायची सवय लावू नका. ते सगळ्या युजर्ससाठी नोंदवलेलं असतं, म्हणून अ‍ॅडमिन म्हणून एकदाच उघडा, खूण बदला, बंद करा. रोज तसं चालवलंत तर एक्सप्लोररमधून फाइल ओढून मेलमध्ये टाकणंही बंद होतं.

उजवीकडे वर 'न्यू आउटलुक' चा स्विच चुकून दाबला गेलाय का, ते बघा. नव्या आउटलुकमध्ये कॉम अ‍ॅड-इन चालतच नाहीत, फक्त वेब अ‍ॅड-इन (इंटरनेटवरून चालणारी) चालतात. स्विच बंद केला की जुनं परत येतं. ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात शेवटी तपासली जाते.

दोन अँटिव्हायरसची अ‍ॅड-इन एकत्र ठेवू नका.

प्रत्येक चाचणीआधी टास्क मॅनेजर उघडून आउटलुक खरंच बंद झालंय का ते पाहा. मागे एक प्रोसेस लटकलेली असेल तर तुमचा बदल लागूच झालेला नसतो.

दोषी कोण ते कळत नसेल तर कंट्रोल की दाबून धरून आउटलुक उघडा, म्हणजे सेफ मोड येतो, ज्यात अ‍ॅड-इन लोड होत नाहीत. तिथे ते नीट चाललं तर अर्धी अ‍ॅड-इन बंद करून नेहमीसारखं उघडा. त्रास गेला की दोषी बंद केलेल्यांत, नाही गेला की उरलेल्यांत. मग त्या गटाचे पुन्हा अर्धे. आठ अ‍ॅड-इन असतील तर तिसऱ्या फेरीत एकच उरतं. एकेक करून बघणाऱ्यांना आठपर्यंत फेऱ्या लागू शकतात, आणि चौथ्या फेरीला कंटाळून ते ऑफिस परत टाकायला घेतात.